माझ्या लाल दिव्यावरची काळी पट्टी

मित्रांनो, मी एक जुना एक्स्टेन्शन बोर्ड आहे. चार पॉइंटचा, पांढऱ्या अंगाचा, उजव्या कोपऱ्यात लाल दिवा असलेला. सध्या माझा मुक्काम हॉलच्या भिंतीवर, एका खिळ्याला. शेजारच्या फोटोत या घरचे मास्तर करंडक घेऊन हसतायत. मी हसत नाही. माझी वायर कापलेली आहे, आणि अशा अवस्थेत फारसं हसू येत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एका बाईंनी माझ्या पोटात फ्यूज बसवला. फ्यूज म्हणजे एक बारीकशी तार. झेपेल त्याहून जास्त ओझं आलं की ती स्वतः वितळते आणि वीज थांबते. थोडक्यात, वेळ आली की दुसऱ्यांसाठी जीव द्यायचा, हे माझं जन्मापासूनच ठरलेलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं.

दुकानातून मला मास्तरांनी निवडून आणलं. मास्तर मोटार चालवायला शिकवतात. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, आणि त्यांना तो दाबायची इतकी सवय की घरात कुणी आमटी घाईघाईने वाढली तरी त्यांचा पाय जमिनीवर दाबला जातो. त्यांनी दुकानदाराला विचारलं, "भरवशाचा आहे ना?"

"दिवा बघा की," दुकानदार म्हणाला. "चालू असला तर लाल, बंद असला तर काळोख. याला खोटं बोलताच येत नाही."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. प्लास्टिकच्या मानाने हे बरंच म्हणायचं.

घरी तीन माणसं होती. मास्तर, त्यांची बायको म्हणजे वहिनी, आणि मास्तरांची मोठी बहीण, ताई. ताई हॉलमधल्या दिवाणावर झोपायच्या, माझ्यापासून दोन हातांवर. त्यांनी उभं आयुष्य एका लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करण्यात घालवलं होतं. ती लाँड्री एका रात्री जळून खाक झाली. सगळे म्हणाले, इस्त्री चालू राहिली असणार. पण इस्त्री थंड होती. कोपऱ्यातला एक बोर्ड कुणी बंद केला नव्हता, बस्स.

तेव्हापासून ताई झोपण्यापूर्वी घरभर फिरून एकेक बटण बंद करायच्या. शेवटी माझ्यापाशी यायच्या, वाकायच्या, कपाटामागे हात घालून भिंतीवरचं बटण बंद करायच्या आणि माझ्या पाठीवर थाप मारायच्या. "तुझा डोळा मिटल्याशिवाय माझा मिटत नाही रे बाबा," म्हणायच्या. मित्रांनो, या घरात मला कुणी 'रे बाबा' म्हणत होतं. फ्रिजला तेवढं भाग्य नव्हतं.

मग मासा आला. मास्तरांनी काचेची टाकी आणली, तिच्यात एकच मोठा नारिंगी मासा. त्याचं नाव पडलं साहेब, कारण तो दिवसभर काचेच्या केबिनमध्ये बसून काही करायचा नाही, आणि तरी सगळे त्याच्या तब्येतीची चौकशी करायचे. साहेबाच्या पाण्यात हवा सोडणारा पंप माझ्यावर लागला. आता रात्री ताई मला बंद करायच्या आणि सकाळी साहेब पाण्यावर तोंड काढून आ वासत असायचा.

"ताई, एवढा पंप चालू राहू दे," मास्तर म्हणाले.

"त्याला वेगळा पॉइंट काढून घे. वर, डोळ्यांसमोर. मग चालू दे जन्मभर."

"वायरमनला उद्या बोलावतो."

"तुझा उद्या मी लहानपणापासून बघतेय बाळ्या. अजून उजाडलेला नाही."

उद्या काही उजाडला नाही. त्याऐवजी एके दिवशी मास्तर अत्यंत प्रेमाने म्हणाले, "ताई, तुझे गुडघे दुखतात. उगाच वाकू नकोस. बोर्ड मीच बंद करत जाईन. तू नुसतं लांबून बघ, दिवा विझलाय ना."

ताईंचे डोळे भरून आले. "कधी नव्हे ते शहाण्यासारखं बोललास."

त्याच संध्याकाळी, ताई भाजी आणायला गेल्यावर, मास्तरांनी माझ्या दिव्यावर काळी टेप चिकटवली. अंगठ्याने नीट दाबून. काम सुबक झालं होतं. पंपाची घरघर ताईंना ऐकू जाऊ नये म्हणून तोही जुन्या टॉवेलात गुंडाळून टाकीमागे सरकवला.

त्या रात्रीपासून ताई लांबून बघायच्या, काळोख दिसायचा, आणि त्या म्हणायच्या, "झोपला वाटतं." मी झोपलेलो नसायचो. टेपखाली माझा दिवा लख्ख जळत असायचा. ज्याच्याबद्दल 'खोटं बोलताच येत नाही' असं दुकानदाराने सांगितलं होतं, तो मी रोज एका म्हाताऱ्या बाईशी खोटं बोलत होतो, आणि ते माझ्याकडून बोलवून घेणारा माणूस आत घोरत होता.

खोटं एकदा बसलं की त्याला पाहुणे येऊ लागतात. आधी चार्जिंगला मास्तरांचा फोन आला. मग रेडिओ. मग आला बॅटरीचा चार्जर. मास्तरांकडे शिकणारे लोक दर चौकात गाडी बंद पाडायचे, पुन्हा पुन्हा स्टार्टर मारायचे, आणि बॅटरी उतरायची. ती रात्रभर भरून ठेवायला मास्तरांनी गॅरेजमधून एक जुनाट चार्जर आणला. वजनाला कुत्र्याएवढा, गुरगुरायचाही तसाच. म्हणून त्याला बाल्कनीत बसवून दार लावून घेतलं. वायर मात्र खिडकीतून माझ्यापर्यंत आली. माझा तो पॉइंट सैल झाला होता. मी तापत होतो. सांगायला एक दिवा होता, पण तो चालू आहे एवढंही दिसत नव्हतं.

एका पहाटे चार्जरच्या पोटात काहीतरी बिनसलं आणि त्याने माझ्याकडून भलतीच वीज ओढली. माझा पॉइंट करपला. दोन हातांवर ताई झोपल्या होत्या, त्यांच्या पांघरुणाचं टोक जमिनीवर लोळत होतं, जवळजवळ माझ्यापर्यंत. माझ्या पोटातली तार वितळून तुटली. सगळं थांबलं. टोक जागच्या जागी राहिलं.

सकाळी वहिनी हॉलमध्ये आल्या. "काहीतरी करपलंय," त्या म्हणाल्या. "मी अजून गॅस पेटवलेला नाही, तेव्हा माझं नाव घेऊ नका."

मास्तर धावत आले ते थेट साहेबाकडे. पंप बंद, साहेब पाण्यावर. मास्तरांनी स्वयंपाकघरातून डाव आणला आणि पाणी ढवळायला घेतलं. ढवळता ढवळता माझ्याकडे बघून म्हणाले, "दगा दिला या बोर्डाने. म्हणे भरवशाचा."

मित्रांनो, तुटलेली तार पोटात घेऊन मी ते वाक्य ऐकलं.

ताई उठल्या. कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली बसल्या. माझा काळा पडलेला पॉइंट त्यांनी बराच वेळ बघितला.

"बाळ्या, बंद बोर्ड जळतो कसा?"

डाव थांबला. ताईंचं बोट माझ्या अंगावरून फिरत कोपऱ्यात आलं, अडखळलं. त्यांनी नखाने टेप उचकटली. खाली माझा दिवा, कोरा करकरीत.

"हे तू लावलंस?"

"ताई, साहेब गुदमरायचा गं."

"साहेब गुदमरायचा. आणि मी कुठे झोपते?"

मास्तरांनी दिवाणाकडे पाहिलं. लोळणाऱ्या पांघरुणाकडे पाहिलं. त्यांचा पाय जमिनीवर दाबला गेला, पण गाडी आधीच ठोकली होती.

"मला सांगायचंस," ताई म्हणाल्या. "भांडलो असतो. मी भांडणाला कधी नाही म्हटलंय का?"

"तू ऐकलं नसतंस."

"नसतं ऐकलं. तुला वायरमन बोलवावा लागला असता. तुझ्यावर एवढंच संकट येणार होतं." मग म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांची काळजी वाटते म्हणालास, ते मी बाजारात चार बायकांना सांगत फिरले."

वहिनींनी मास्तरांच्या हातातून डाव काढून घेतला.

वायरमन त्याच दिवशी आला आणि पुढ्यातला चहा निवायच्या आत पंपासाठी वेगळा पॉइंट काढून गेला. एवढ्यासाठी मी आंधळा होतो. चार्जर गॅरेजात परत गेला.

मला वाटलं, आता माझा फ्यूज बदलतील. ताईंनी कात्री आणली. "एकदा करपलेला बोर्ड पुन्हा वापरायचा नाही," म्हणाल्या, आणि कचकन वायर कापली. त्यांचं बरोबर होतं, हे मला कळतं. पण थाप मारणारा हात तोच होता, हेही कळतं. मग त्यांनी मला दिवा पुढे करून इथे टांगलं, करंडकाच्या फोटोशेजारी. मास्तर दिवसभर लोकांना मागचा आरसा बघायला शिकवतात. माझ्याकडे बघत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझी भावंडं असतील. झोपण्यापूर्वी ज्याची गरज नाही ते भिंतीवरच्या बटणापासून बंद करा. जे रात्रभर चालवावंच लागतं, त्याला त्याची स्वतःची जागा द्या. जड यंत्रं आमच्या अंगावर लादू नका. आणि एखादी गोष्ट बंद करायची नसेल तर तसं तोंडावर सांगा. आमच्या डोळ्यावर पट्टी बांधून आम्हाला तुमचे साक्षीदार करू नका.

ताई अजून रोज घरभर फिरतात. मास्तर आतून सांगतात, "केलंय गं सगळं बंद, ताई." ताई "हो का," म्हणतात आणि तरीही वाकतात, कपाटामागे हात घालून स्वतः बघतात. गुडघे कुरकुरतात, ते मला इथवर ऐकू येतं. मग भिंत धरून उठतात आणि जाता जाता एकदा माझ्या दिव्याकडे बघतात.

दिवा विझलेला असतो. आता खरोखरच.