सतराव्या मिनिटाचा काटा

मी गाण्यांची एक जुनी तबकडी आहे आणि मी रागावलेली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना गोड बोलावं, अशी तुमची अपेक्षा असते. घड्याळं आणि छत्र्या तसं बोलतात म्हणे. मला ते जमत नाही. माझ्या अंगावर एक ओरखडा आहे, आणि त्या ओरखड्यापायी मी तीस-पस्तीस वर्षं एका कपाटावर कागदांच्या गठ्ठ्याखाली उताणी पडून होते. गोड बोलायचं तर कोणत्या तोंडाने बोलू?

माझा जन्म कारखान्यात झाला. एक काळा, मऊ, वाफाळता गोळा दोन तापलेल्या साच्यांमध्ये दाबला आणि जेमतेम अर्ध्या मिनिटात मी ताटाएवढी होऊन बाहेर आले. माझ्या पहिल्या बाजूवर पाच गाणी आहेत. ती बरी आहेत. दुसऱ्या बाजूवर एकच आहे, एकवीस मिनिटांचं. या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. ते वाजवणाऱ्यांना तीन मिनिटांत काही आटोपणं ठाऊकच नसतं. सुरुवातीला एक साधी धून येते. मग ते तिला मोडतात, उलटीपालटी करतात, सात मात्रांच्या तालात लंगडत चालवतात, कधी गिटारच्या तर कधी बासरीच्या हवाली करतात. ऐकणाऱ्याला वाटतं, गेली ती धून, आता काही हाती लागत नाही. आणि मग सतराव्या मिनिटाला, अख्खा ऑर्गन उघडून आणि ड्रमचा दणका घेऊन, तीच धून परत येते. अंगावर काटा येतो तो तेव्हा.

हे मी स्वतःच्या मनाने सांगत नाही. कारखान्यात शंभरांतली एक तबकडी वाजवून तपासायची पद्धत होती, आणि ती एक मी निघाले. तपासणारी बाई कानाला हेडफोन लावून सुपारी चघळत बसली होती. दिवसभर हेच करून ती कंटाळलेली होती. पण सतरावं मिनिट आलं आणि तिच्या हातावरची लव ताठ उभी राहिली. तिने हात चोळला, शेजारणीला दाखवला आणि माझ्यावर पसंतीचा शिक्का मारला. त्याआधी, अकराव्या मिनिटाच्या सुमारास, तिचं सुपारी चघळणं मध्येच थांबलं होतं. तिकडे मी लक्ष दिलं नाही. मला माझं सतरावं मिनिट पुरे होतं, आणि तेव्हापासून माझं नाक जे वर झालं ते वरच राहिलं.

मला घरी आणलं ते ताईने. ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. घरात तिघंच माणसं होती. आई घरीच शिवणकाम करायची. तिसरा ताईचा धाकटा भाऊ, नऊ वर्षांचा. त्याला सगळे छोट्या म्हणत. खोली एकच, पण मोठी. खिडकीपाशी शिवणयंत्र, भिंतीला कापडाचे तागे, आणि एका स्टुलावर माझा प्लेअर.

ताईने माझ्यासाठी नियम घातले होते. दर रविवारी दुपारी शिवणयंत्र बंद. दुसरी बाजू सुरू झाली की कुणी उठायचं नाही, बोलायचं नाही, खोकायचं असेल तर आधी खोकून घ्यायचं. तिच्या छापखान्यातल्या मैत्रिणी यायच्या, खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त मास्तर यायचे. आणि सतरावं मिनिट आलं की ताई एकच शब्द म्हणायची, "बाह्या."

सगळे बाह्या वर सारायचे आणि हात पुढे करायचे. ताई एकेकाचा हात खिडकीच्या उजेडात धरून बघायची. आईच्या हातावर काटा. मास्तरांच्या पांढऱ्या लवेचा काटा. मैत्रिणींच्या हातांवर काटा. मला केवढा अभिमान वाटायचा म्हणून सांगू. कुणाच्या भिंतीवर पदकं लावलेली असतात, माझी पदकं लोकांच्या हातांवर उगवायची.

छोट्याच्या हातावर मात्र काही नसायचं.

आई त्याचे सदरे वाढत्या अंगाचे शिवायची. बाह्या बोटांपर्यंत यायच्या. तो त्या मुठीत धरून शिवणयंत्राच्या पायडलपाशी बसायचा. ताईने "बाह्या" म्हटलं की सगळ्यांत शेवटी वर करायचा. गुळगुळीत हात. ताई हसून म्हणायची, "याचा हात म्हणजे अगदी साबण." एकदा हसली, दोनदा हसली, आणि मग त्याचं नावच साबण पडलं. मैत्रिणी दारातून शिरतानाच विचारायच्या, "साबण आहे का घरात?" मास्तर प्रेमाने साबणराव म्हणायचे. खरं सांगते, मलाही हसू यायचं. ज्याला माझं सतरावं मिनिट कळत नाही, त्याची कीव कशाला करायची?

मग त्याने माझा छळ मांडला. ताई छापखान्यात आणि आई माप घ्यायला बाहेर गेली की तो मला बाहेर काढायचा. बोटं धुवायची नाहीत, काठाने धरायचं नाही, आणि सुरुवातीपासून लावायचं तर नाहीच. आईच्या कापड आखायच्या निळ्या खडूने त्याने माझ्या अंगावर, ऐन सतराव्या मिनिटाच्या जागी, एक ठिपका काढला आणि सुई थेट तिथे टाकायला लागला. मित्रांनो, टाकायला म्हणते आहे, टेकवायला नाही. धप्प करून वरून यायची. मोजून पंधरा सेकंद ऐकायचा, बाही वर करून हात बघायचा, आणि परत धप्प. दुपारभर हेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अरे, सोळा मिनिटं वाट पाहिल्याशिवाय सतरावं येतं का कधी? जी धून हरवलीच नाही, ती सापडल्याचा आनंद कुठून आणणार? पण मला तोंड नाही, आणि सुई नको तिथे असली तर मी नको तेच बोलते. माझे चर तिथे करडे पडायला लागले. जाण्यापूर्वी तो बाहीच्या टोकाने ठिपका पुसायचा आणि मला पाकिटात कोंबायचा.

असं दोनेक वर्षं चाललं. एका दुपारी ताई लवकर आली. जिन्यावर तिची पावलं वाजली, आणि या शहाण्याने सुईचा दांडा उचलण्याऐवजी हिसकला. सुई माझ्या अंगावरून करकरत गेली. मला वेदना झाली असं मी म्हणणार नाही. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. तो मला पाकिटात घालून अभ्यासाला बसला.

पुढच्या रविवारी खोली भरलेली होती. ताई नव्या नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाणार होती, म्हणून जास्तच माणसं आली होती. मी पहिल्यापासून मन लावून वाजले. सोळा मिनिटं संपली. ताई म्हणाली, "बाह्या." सगळे हात पुढे आले. आणि धून परत येण्याच्या उंबरठ्यावर सुई ओरखड्यात अडकून मागे आली, सात मात्रांतल्या शेवटच्या तीनच वाजू लागल्या. पाच, सहा, सात. पुन्हा पाच, सहा, सात. पुन्हा तेच. लोक हात पुढे करून बसलेले, आणि मी तोतऱ्यासारखी तेवढंच बरळते आहे. इतकं हसं माझं आयुष्यात झालं नव्हतं.

ताईने सुई उचलली. मला खिडकीपाशी नेऊन तिरपं धरलं. ओरखडा दिसला, आणि चरांत अडकलेला निळा खडूही दिसला. मग तिने छोट्याच्या सदऱ्याची बाही धरली. तिच्या टोकाला तोच निळा रंग होता.

"तुला काटा येत नाही, म्हणून कुणालाच येऊ द्यायचा नाही, असंच ना?" ती सगळ्यांसमोर म्हणाली.

आई म्हणाली, "लहान आहे गं तो." ताई म्हणाली, "लहान नाही, जळका आहे." मला त्या वेळी बरं वाटलं. अगदी हेच मला म्हणायचं होतं.

ताई गेली. तिचं नि त्याचं बोलणं त्यानंतर कामापुरतं राहिलं, आईचं औषध, घराची दुरुस्ती, कोण कधी येणार, एवढंच. मला कपाटावर आडवं ठेवलं, आणि वर आईच्या कापडाच्या कागदी नमुन्यांचा गठ्ठा. त्यावर मोडकी इस्त्री. तबकडीला उभं ठेवायचं असतं एवढी साधी गोष्ट या घरात कुणाला सुचू नये? मी एका बाजूने बाक धरला. धूळ, झुरळं, उन्हाळे. आणि रोज एकच विचार, त्या साबणाने माझी वाट लावली. राग कमी होतो म्हणतात. माझा मुरत गेला.

मग एका सकाळी माझ्यावरचा गठ्ठा हलला. आई आता फार थकली होती आणि ताईकडे राहायला जाणार होती. घर रिकामं करायचं होतं. ताईचे केस पिकले होते. छोट्याचं पोट सुटलं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचं काम करत होता, आणि सामान उतरवायला कामावरूनच, बाह्या कोपराच्या वर दुमडून आला होता.

ताईने मला पाकिटातून काढलं. "हिचं काय करायचं?"

"तू सांग," तो म्हणाला. "तुझी आहे."

"टाकूनच द्यायची ना. वाजत तर नाही."

खुर्चीतून आई म्हणाली, "जाण्याआधी एकदा लावा रे. यंत्र बंद करून बसायचो आपण, तसं."

प्लेअरचा पट्टा गळून पडला होता. छोट्याने आईच्या शिवणाच्या डब्यातून इलॅस्टिक काढलं, मापाने कापलं, टाके घालून गोल केलं आणि चढवलं. माझ्यासारखीला कमरेच्या इलॅस्टिकवर फिरवतात, बघा. पण मी फिरले. जरा डुलत होते, तरी फिरले. आणि त्याने मला काठाने धरलं होतं, हे मला कबूल केलं पाहिजे.

तिघं बसली. सुरुवातीपासून. कुणी बोललं नाही. धून आली, मोडली, लंगडली. मग अकरावं मिनिट आलं. त्या जागी खरं तर काहीच नाही. सगळी वाद्यं थांबतात, बेस गिटारचा एक जाड सूर विरत जातो, आणि बासरीवाला श्वास घेतो. त्याचा श्वास ऐकू येतो. मग एक बारीक सूर. रविवारी या जागी लोक पाय मोकळे करून घ्यायचे, आणि मीही ती जागा उरकून टाकायचे.

"छोट्या," ताई हळूच म्हणाली. तिने स्वतःचा नियम मोडला होता. "तुझा हात."

त्याने हाताकडे पाहिलंही नाही. मनगटापासून कोपरापर्यंत काटाच काटा होता. "माहीत आहे," तो म्हणाला.

"इथे?"

"इथेच येतो. पहिल्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू सतराव्या मिनिटाला बाह्या वर करायला लावायचीस. तोपर्यंत माझा येऊन गेलेला असायचा." त्याने मानेने माझ्याकडे खूण केली. "मला वाटायचं, माझा चुकीच्या जागी येतो. म्हणून तुमच्या जागी यावा यासाठी लावून बसायचो. शेकडो वेळा लावली असेल. नाही आला. आणि हिचं नुकसान झालं ते झालंच."

मी फिरत होते. मिनिटाला तेहतीस फेऱ्या मारणारीला कुणाकडे धड बघता येत नाही, ही सबब माझ्याकडे आहे. पण ती खोटी आहे. तपासणाऱ्या बाईचं चघळणं थांबलेलं मी पाहिलं होतं. अकरावं मिनिटसुद्धा माझंच होतं, माझ्याच अंगावर कोरलेलं, आणि मी त्याला कधी आपलं म्हटलं नाही. पस्तीस वर्षं मी ज्याच्या नावाने बोटं मोडली, त्याने मला सगळ्यांपेक्षा जास्त ऐकलं होतं. आता मला राग आला तो माझाच, आणि तो आधीच्यापेक्षा वाईट होता.

सतरावं मिनिट आलं आणि मी अडकले. पाच, सहा, सात. पाच, सहा, सात. कुणी उठलं नाही.

"सगळ्यांसमोर साबण म्हणाले मी तुला," ताई म्हणाली. "जळका म्हणाले."

"जाऊ दे."

"जाऊ देण्यासारखं नाही ते. लहान होतास तू."

त्याने बाह्या खाली ओढायला सुरुवात केली, जुन्या सवयीने. ताईने त्याच्या हातावर हात ठेवला. "राहू दे," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्याकडून शिकण्यासारखं फार नाही. तबकडीला काठाने धरा. उभी ठेवा. सुई टेकवा, टाकू नका. आणि कुणाच्या हातावर काटा येतो का हे बघायचंच असेल, तर बाह्या आधीपासून वर करायला सांगा, आणि पूर्ण एकवीस मिनिटं बघा. तुम्हाला जिथे आला तिथेच दुसऱ्यालाही यावा, असा हट्ट धरू नका. त्या हट्टाने एका घराची पस्तीस वर्षं खाल्ली, आणि त्यात मीही सामील होते. ओरखडा बुजणार नाही. राग अजून आहे.

ताई उठली आहे. तिने सुई उचलली, पण ओरखड्याच्या पुढे नेली नाही. ती पार सुरुवातीला घेऊन आली आहे. स्वेटरच्या बाह्या तिने आत्ताच वर सारल्या आहेत. आई म्हणते आहे, "माझी खुर्ची जरा इकडे फिरवा, मला त्याचा हात दिसत नाही." छोट्या खुर्ची फिरवतो आहे. आता गप्प बसा. सुई टेकते आहे, आणि अकराव्या मिनिटाला अजून वेळ आहे.