ओलं फडकं

"हात लाई देखा! बोनेटले हात लाई देखा, गार शे का नही?"

बन्सीलाल पाचोऱ्याजवळच्या आपल्या खळ्यात जीपच्या तोंडाशी उभा राहून ओरडत होता. जुनी गाडी विकणारा माणूस गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवतो. मग पहिल्या चावीला ते सुरू होतं आणि सकाळी उठताना ते किती खोकतं हे झाकलं जातं. ही चलाखी आता सगळ्यांना मोबाईलवर कळते. बन्सीलाललाही ते कळलं होतं, म्हणून त्यानं गाडी मुद्दाम गार ठेवली होती. प्रामाणिकपणाला जिथे गिऱ्हाईक आहे तिथे तो सढळ हातानं विकायचा, असा हा माणूस.

हितेंद्रनं बोनेटवर तळहात टेकला, मग दुसराही टेकला. "गार शे, मामा," तो म्हणाला.

मामा म्हणजे धनसिंग. तो बोनेटकडे आलाच नव्हता. तो गाडीच्या मागच्या बाजूला उभा होता.

बन्सीलालनं चावी फिरवली. जीप पहिल्याच फटक्यात सुरू झाली. धूर काळा नाही, निळा नाही. हितेंद्रचा चेहरा खुलला.

यांचं गाव चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. गाव आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक नाला आणि नाल्यानंतर डांबरीपर्यंत एक उभा चढ. पावसाळ्यात ॲम्ब्युलन्स डांबरीवर थांबते आणि दुखणाईत माणूस नाल्याच्या पल्याड असतो. पुलाचं आश्वासन दर निवडणुकीला ताजं होतं आणि पाण्याबरोबर वाहून जातं. शेवटी गावानं वर्गणी केली आणि चारही चाकं ओढणारी एक जुनी जीप घ्यायचं ठरवलं. पाऊस तोंडावर आला होता. ही गाडी हुकली तर दुसरी शोधायला वेळ नव्हता. गाडी पाहायला हितेंद्रला पाठवलं, कारण तो ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसतो. घ्यायची की नाही हे मात्र धनसिंगनं सांगायचं होतं. चढावर ट्रॅक्टर चालवायला त्याचा हात चांगला, म्हणून. दुसरंही एक कारण होतं. ते बैठकीत कोणी बोललं नाही, पण सगळ्यांनी मान खाली घालून ते मंजूर केलं.

हितेंद्र मोबाईलवर गाडीचा नंबर टाकून वाचायला लागला. "पहिला मालक चोपडाना. दुसरा अमळनेरना. तिसरा बन्सीलालशेठ. पासिंग येळवर करेल शे, पंधरा वर्सनंतरनं बी. विमा चालू. कर भरेल. मामा, एक बी तारीख चुकेल नही!"

"मंग?" बन्सीलाल म्हणाला. "एवढं सरळ तं मन्हं लगीन बी झालं नही."

"शेठ, वहिनीले सांगू का?"

"सांग ना. तिले आधीच मालूम शे."

धनसिंग हसला नाही. मागच्या बाकड्याशी धरायची जी मूळ दांडी असते, तिच्या जागी पाण्याच्या नळाचा एक तुकडा वेल्ड करून बसवला होता. तो तुकडा त्याच्या ओळखीचा होता. तेव्हा गाडी हिरवी होती, आता लाल. रंग बदलला, रेक्झिन बदललं, हूड नवं आलं. नळ कोणी बदलला नव्हता. बदलण्यासारखं त्यात काय होतं?

दोन वर्षांमागं, भादव्याच्या उन्हात, कपाशी निंदताना त्याच्या बायकोला, जिवलीला, पान लागलं. साप कोणी पाहिला नाही, पोटरीवरचे दात सगळ्यांनी पाहिले. भाड्याची हिरवी जीप मिळाली. नाला ओलांडला आणि चढाच्या मध्यावर ती बंद पडली. जिवली या नळाला धरून बसली होती.

धनसिंगनं नळावर हात ठेवला आणि आपल्याला आता काय होतंय याची वाट पाहिली. काही झालं नाही. नळ उन्हानं तापला होता, एवढंच कळलं.

मग तो गाडीखाली गेला. पाना घेऊन चॅसीवर ठोकत गेला. आवाज भरीव आला, गंजलेल्या पत्र्यासारखा पोकळ आला नाही. बाहेर येऊन चारही चाकांना जोर देणारा दांडा टाकून पाहिला, सहज पडला. चाकं हलवली, बेअरिंग घट्ट. बन्सीलाल प्रत्येक ठोक्याला "हां!" म्हणत होता, जणू ठोके त्याच्याच छातीवर पडत होते आणि तीही भरीव निघत होती.

"सौदा कराना का मंग?" त्यानं विचारलं.

"पोती टाका," धनसिंग म्हणाला. "मागे मावतील तेवढी. भडगावच्या रस्त्याला फिरवून आणू."

"भाऊ, हाई दुपारमा? माणूस भाजाई जास, गाडीनं काय!"

"तेच पाहायचं शे."

मातीची पोती भरली आणि धनसिंग स्टेअरिंगवर बसला. डांबर मऊ झालं होतं, लिंबाखाली कुत्रीसुद्धा जीभ काढून पडली होती. त्यानं गाडी खालच्या गिअरात कण्हत ठेवली. हितेंद्र दोनदा म्हणाला, "मामा, गिअर टाक ना." परत खळ्यात येऊन त्यानं इंजिन बंद केलं.

"चहा ल्या," बन्सीलाल म्हणाला.

चहा झाला. कपबश्या आत गेल्या. "आता लाव चावी," धनसिंग म्हणाला.

बन्सीलालनं चावी फिरवली. स्टार्टर फिरला, फिरत राहिला. इंजिन उचलेना. परत फिरवली. तेच.

तो आवाज धनसिंगनं तीस गावांच्या गाड्यांतून वेगळा काढला असता. त्या दिवशी हाच आवाज चढावर घुमत होता. डायव्हर म्हणत होता, डिझेलनं हवा धरली, हवा धरली. पुढे चढ, मागे सोडावी तर गाडी नाल्यात. सुगंधाबाई, हितेंद्रची आई आणि गावची आशा सेविका, जिवलीच्या तोंडाकडे पाहून "बोलत राह्य, बोलत राह्य" म्हणत होती, आणि जिवली बोलत होती, आधी कपाशीबद्दल, मग घराला कुलूप लावलं का याबद्दल, मग काहीतरी अर्धं. धनसिंग मागून खांदा देत होता. खाली दहा पावलांवर नाल्याचं गुडघाभर पाणी वाहत होतं. बऱ्याच वेळानं गाडी आपोआप सुरू झाली, काही झालंच नाही अशी. तेव्हा घाई संपली होती.

"शेठ, हाई काय?" हितेंद्र ओरडला. "सकायले तं एका चावीवर..."

"अरे, थांब भो. बोंबलू नको." बन्सीलाल अजिबात गडबडला नाही. त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं, माठात बुडवलं, बोनेट उघडून ते डिझेलच्या पंपावर पसरलं. वाफ निघाली. त्यानं ते पुन्हा बुडवलं, पुन्हा पसरलं. या वर्षी लिंबं कशी गळाली ते सांगितलं. मग चावी फिरवली.

जीप सुरू झाली.

"पंप घसाई गया शे," तो फडकं पिळत म्हणाला. "तापना की डिझेल पातळ व्हस, दाब बनत नही. गार पाणी लाव की चालू. एवढीच खोड. मी काय लपाडस का?"

धनसिंगनं त्या फडक्याकडे पाहिलं. चौकटीचं, जुनं, एका कोपऱ्याला हळद लागलेली.

"ही खोड कवापासून?" त्यानं विचारलं.

"पहिलापासून. चोपडानं मालकनी अमळनेरवालाले सांगं, तेनी माले सांगं."

"आणि डायव्हरला?"

"डायव्हरले कोन सांगस, भाऊ? डायव्हर आज शे, सकाय नही."

हितेंद्रच्या मोबाईलवर सगळ्या तारखा अजून उघड्या होत्या. पासिंगच्या, विम्याच्या, मालकांच्या. एक दिवस त्यात नव्हता, आणि तो लिहायला तिथे जागाही नव्हती. गाडी पासिंगला गेली असेल तेव्हा सपाट जमिनीवर, गार, पहिल्या चावीला सुरू झाली असेल. कोणी खोटं लिहिलं नव्हतं.

त्या दिवशी खाली गुडघाभर पाणी होतं, धनसिंगच्या मनात आलं. डोक्याला पागोटंही होतं. एवढंच मनात आलं, पुढे काही आलं नाही.

"मामा, चाल," हितेंद्र त्याचा हात ओढत म्हणाला. "हाई नही लेवानी. दुसरी देखू."

"दुसरीची खोड कोण सांगेल?"

"म्हंजे?"

"हिची एकच शे. आणि ती कळली." तो बन्सीलालकडे वळला. "पंप नवा टाकून दे. मग घेतो."

"नवा पंप!" बन्सीलालनं कपाळाला हात लावला. "अरे, फडकं फुकट शे, पाणी फुकट शे, आन तू पंप मांगस?"

"फडक्यानं भागतं ना?"

"भागस ना! तुन्हा डोळासमोर भागं!"

"मग फडकं तुला ठेव. पंप मला दे."

बन्सीलालनं बरीच बडबड केली. देवाची शप्पथ घातली, वहिनीला हाक मारून साक्षीला आणलं; ती दारात उभी राहून म्हणाली, "दी टाका, ह्या माणूस उठावना नही." धनसिंग खरंच उठला नाही. आवाज चढवला नाही, विनवणी केली नाही. गिऱ्हाईक चिडलं तर त्याला थंड करता येतं, खुशीत असलं तर गुंडाळता येतं; ज्याला काहीच होत नाही त्याच्यापुढे बन्सीलालची सगळी दुकानदारी उपाशी पडली. संध्याकाळी तो "घी जा रे बाबा" म्हणाला.

पंप बसायला आठवडा गेला. गाडी आणायला सुगंधाबाईही आली. तिला जळगावात काम होतं. चोपडा सोडल्यावर ती मागच्या बाकड्यावर सरकून बसली, धरायला हात पुढे केला आणि नळापाशी आणून थांबवला.

"भाऊ," ती म्हणाली. "हाई तीच ना?"

"तीच."

तिनं नळ धरला.

खाली नाला कोरडा होता, दगड पांढरे पडले होते. त्याच चढावरून उतरताना मध्यावर धनसिंगनं ब्रेक दाबला आणि चावी बंद केली. इंजिनाची धग बोनेटवर हलताना दिसत होती. हितेंद्र काही विचारणार होता, त्याच्या आईनं मागून त्याच्या दंडाला चिमटा घेतला.

धनसिंगनं चावी फिरवली. जीप सुरू झाली. त्यानं बंद केली, थांबला, पुन्हा फिरवली. सुरू झाली. पुन्हा बंद केली. पल्याड गावातून कोणीतरी हात हलवून बोलावत होतं, गाडीला ओवाळायला बायका उभ्या होत्या, ऊन त्यांच्या ताटांवर चमकत होतं. त्यानं पुन्हा चावी फिरवली. सुरू झाली.

"चाल आते," सुगंधाबाई हळूच म्हणाली. "चालू व्हस ना?"

"व्हस," धनसिंग म्हणाला. त्यानं गिअर टाकला. "आते व्हस."