फुलांच्या बाजूचा गारवा

तडतडीला आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण पॉलीहाऊसमध्ये ते कुणी वापरत नसे. गरम तेलात मोहरी पडावी तशी ती बोलायची, म्हणून तडतडी. तिच्या तोंडाला लगाम नाही, असं सगळे म्हणायचे. अहो, लगाम घालावा असं तिथं होतं तरी काय?

त्या दिवशी सकाळी सातलाच ती पेटलेली होती, आणि कारण होता तिचा सख्खा दीर. दीर तिथला सुपरवायझर. त्याची बायको, म्हणजे तडतडीची धाकटी जाऊ, आठवड्यापूर्वी टोमॅटो तोडता तोडता चक्कर येऊन आडवी झाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, की उष्णतेचा असा तडाखा पुन्हा बसला तर जिवावर बेतेल, हिला गार जागेत काम द्या. गार जागा होती. तोडणीच्या ओळींपासून चाळीस पावलांवर होती. आणि दीर म्हणत होता, देता येणार नाही.

ही गार जागा म्हणजे काय प्रकार, ते सांगायलाच हवं. पूर्वी आजूबाजूला सगळीकडे उघड्यावर टोमॅटो व्हायचा. मग उन्हाळे असे काही तापायला लागले, की फळ धरायच्या आधीच फुलं गळायला लागली. टोमॅटोचं फूल भारी नाजूक. हवा फार तापली की आतले परागच मरतात, आणि फूल सुकून देठासकट खाली पडतं. दिवसा तापायचं ते तापायचंच, रात्रीही उतरेना. शेजारपाजारच्यांनी एकेक करून टोमॅटोचा नाद सोडला. राहिलं हे एक पॉलीहाऊस. इथं एका टोकाला पाण्यानं भिजलेले पॅड आणि दुसऱ्या टोकाला मोठे पंखे, त्यामुळं आत गार असायचं. पण ऊन दरवर्षी चढत गेलं आणि पॅडांना एवढी मोठी जागा आवरेना. तेव्हा मालकानं मधोमध जाड प्लॅस्टिकचा पडदा टांगला आणि पंखे सगळे अलीकडं हलवले. पडद्याच्या अलीकडं फुलावर आलेली नवी झाडं, पलीकडं फळं धरलेली जुनी. गारवा फुलांना.

फळ एकदा धरलं की त्याला ऊन सोसतं, असं मालकाचं म्हणणं. फार तर लाल व्हायच्या ऐवजी पिवळसर राहील, सॉसवाले तसंही घेतात. फळ तोडणाऱ्या बायकांना सोसतं का, हे त्याच्या म्हणण्यात कुठं नव्हतंच.

फुलांच्या बाजूला सहा जणी असायच्या. थरथरणारी बारीक कांडी प्रत्येक घोसाला टेकवायची, पराग झडले की पुढचा घोस. त्या सहा जणी कोण, हे ठरवायचा दीर. तडतडीनं त्याला दारातच गाठलं आणि एकीच्या जागी धाकटीला घ्या म्हणून सांगितलं. दीर मान खाली घालून म्हणाला, स्वतःची बायको गारव्याला बसवली तर उरलेल्या चोवीस जणींना काय तोंड दाखवू? मग सगळ्यांना पाळी लावा, आज ह्या उद्या त्या, असं ती म्हणाली. त्यावर तो म्हणाला, मालक नको म्हणतात, नव्या हातांनी घोस मोडतात.

आणि ह्याचं गावभर कौतुक! किती सरळ माणूस, घरच्यांनाही झुकतं माप देत नाही म्हणून. धाकटीलाही नवऱ्याचा केवढा अभिमान. "माझ्यापायी त्यांना कुणी बोल लावायला नको, ताई," असं म्हणून ती डोक्याला ओला रुमाल गुंडाळून पडद्यापलीकडं गेलीसुद्धा. तडतडीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जावेला एकटी कशी सोडणार? चरफडत ती तिच्या शेजारच्या ओळीला लागली.

पडद्याला मधे चेन होती आणि चेनीला कुलूप. आधी नव्हतं. बायका पाणी प्यायच्या निमित्तानं पाच मिनिटं फुलांच्या बाजूला जाऊन यायच्या, आणि दर वेळी फुलांकडची हवा तापायची. दिराच्या हातातल्या स्क्रीनवर ते लगेच दिसायचं. त्याच्याही आधी ते मालकाला घरबसल्या दिसायचं. मग कुलूप आलं आणि किल्ली दिराच्या खिशात गेली.

साडेअकराच्या सुमाराला धाकटीनं क्रेट उचलायचं म्हणून वाकून झाडाच्या आधाराची सुतळीच धरली. तडतडीनं हाक मारली तर ती भलतंच काहीतरी बरळली. अंगाला हात लावला तर घामाचा थेंब नाही आणि कातडी तव्यासारखी. पुढच्याच क्षणी ती ओळीत कोसळली.

तडतडीनं तिला काखेत धरून पडद्यापर्यंत ओढत नेलं आणि प्लॅस्टिकवर दोन्ही हातांनी बडवायला सुरुवात केली. पलीकडं दिराची धूसर आकृती आली.

"उघडा. ही पडलीय."

"मोठ्या दारानं बाहेर काढा, वहिनी. मी पाणी घेऊन तिकडं येतो."

मोठं दार दुसऱ्या टोकाला, क्रेटच्या ढिगांतून सव्वाशे पावलं. तडतडीला वाटलं त्याला नीट ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, बेशुद्ध आहे, श्वास धड नाही. दिरानं खिशातून किल्ली काढली. काढली आणि तसाच उभा राहिला. कालपासून उमललेली सगळी फुलं आहेत, आत्ता उघडलं तर सगळी जातील, असं काहीतरी तो पुटपुटत होता. एकदा स्क्रीनकडं बघत होता, एकदा पडद्याकडं. वीस वर्षं इमानानं नोकरी केलेला माणूस, त्याला हातातल्या किल्लीचं काय करायचं ते सुचेना.

तडतडीनं फळं तोडायचा कटर कमरेचा काढला, पडद्यात खुपसला आणि बसत उठत, दातओठ खात, पडदा जमिनीपर्यंत फाडत नेला. प्लॅस्टिक चिवट होतं, त्यात बराच वेळ गेला. तेव्हा कुठं गार हवा धाकटीच्या अंगावर आली. फुलांच्या बाजूच्या बायकांनी कांड्या टाकून पॅडखालचं पाणी बादल्या भरभरून तिच्यावर ओतलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काम करत होती तिथं तापमान किती होतं? दीर चटकन म्हणाला, एकोणतीस.

"ते फुलांकडचं," तडतडी म्हणाली. "आमच्याकडं मोजायला काही लावलेलंच नाही. तुम्हाला हवं ते लिहा."

डॉक्टरांनी दोघांकडं बघितलं आणि काहीच लिहिलं नाही.

दुपारी धाकटीनं डोळे उघडले. नवऱ्याकडं बघितलं, तोंड हलवलं, पण शब्द आला नाही. डॉक्टर म्हणाले, उष्णता मेंदूपर्यंत गेलीय, बोलणं परत येईल की नाही ते आज सांगता येणार नाही. थोडं आधी गार करायला हवं होतं.

तेवढ्यात मालकाचा फोन आला. पडदा कुणी फाडला, फुलं किती गळाली, उरलेली वाचतील का, हे सगळं त्यानं सविस्तर विचारलं. धाकटीचं विचारलं ते शेवटी, फोन ठेवता ठेवता. दिरानं उत्तर न देताच फोन बंद केला. मग तो तडतडीकडं वळला.

"वहिनी, मी लगेच कुलूप काढलं असतं तर?"

तडतडीला त्याची दया आली आणि त्या दयेचाही राग आला. नाही हो, काही फरक पडला नसता, असं म्हणायला काय लागतं? दुसरी कुणी असती तर म्हणाली असती.

"तर ती आत्ता तुमच्याशी बोलत असती, भाऊजी."

दीर खाटेशी गेला आणि त्यानं बायकोचा हात धरला. धाकटी त्याच्याकडं बघून पुन्हा पुन्हा तोंड हलवत होती, आणि तिला काय म्हणायचंय ते दोघांपैकी कुणालाच कळत नव्हतं.