पटावरचं विसावं नाव

मालतीच्या अण्णांची बदली सिल्वासाला झाली ती १९६४ सालच्या जूनमध्ये. तो मुलूख तेव्हा पोर्तुगीजांकडून सुटून नव्यानंच आपल्या राज्यकारभारात आलेला, कचेऱ्या नव्या, आणि लिहिता येणारी माणसं कमी. जमीन मोजणीच्या खात्यात कारकून हवेत म्हणून कोकणातून, मुंबईतून माणसं मागवत. अण्णांना, म्हणजे अनंत मयेकरांना, हुकूम आला तेव्हा आईनं पहिलं विचारलं, "तिथे मासे मिळतात का?" आणि दुसरं, "मालूची सातवी?"

सातवी म्हणजे तेव्हा गंमत नव्हती. सातवीची फायनल पास झालेल्या मुलीला मास्तरीण होता येत असे. मयेकरांच्या सात पिढ्यांत कुणी बाई पगार घेऊन आली नव्हती, आणि अण्णांनी ते मनात धरलं होतं.

मयेकरांच्या गावची, कोंडसुऱ्याची, शाळा खाडीच्या काठाला होती. भरतीला पाणी पायरीला लागायचं. सदाशिवगुरुजी पहिलीपासून पाचवीपर्यंत सगळं शिकवायचे आणि वरचे वर्ग नारायणमास्तरांकडे. निघायच्या आदल्या दिवशी अण्णा दाखला मागायला गेले, तर गुरुजी म्हणाले, "अहो अनंतराव, शाळेचा शिक्का तालुक्याला गेलाय. टपालानं धाडतो की. जा तुम्ही निर्धास्त."

अण्णा पायऱ्या उतरले, आणि गुरुजींनी मालतीला खुणेनं थांबवलं.

"मालू, शिक्का कपाटातच आहे," ते म्हणाले. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांचे कान लाल झाले होते. "सहावी-सातवी मिळून वीस मुलं असली तरच नारायणमास्तर इथे राहतात. एक कमी झालं की वरचे वर्ग बंद. तू विसावी. दिपोटी साहेब दिवाळीच्या आत तपासणीला येतील. तोवर तुझं नाव पटावर राहू दे. घरी बोलू नकोस."

मालतीनं मान हलवली. बारा वर्षांच्या मुलीवर गुरुजींनी एवढा भरवसा टाकला, याचाच तिला केवढा मोठेपणा वाटला.

मुंबईहून गाडीनं वापी, वापीहून सामानावर बसून बसनं सिल्वासा. गावात चर्चची उंच भिंत, चौकात थोडी दुकानं, जिकडेतिकडे साग आणि ताड, आणि दमणगंगा. तिला भरती नव्हती. मालती तासभर काठाशी उभी राहिली, पण पाणी आपलं एकाच दिशेला जात राहिलं. मासे मिळायचे, पण ते गोड्या पाण्यातले. आई म्हणायची, "हे मासे की शेंगा? खारी चवच नाही."

शाळेत एका बाजूला गुजराती वर्ग, एका बाजूला मराठी. सातवीला राऊतसर होते, वसईकडचे, भारी थट्टेखोर. त्यांनी विचारलं, "दाखला?"

"टपालानं येतोय," अण्णा म्हणाले.

"येऊ द्या. तोवर बसू दे पोरीला." त्यांनी हजेरीपुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तिचं नाव पेन्सिलीनं लिहिलं आणि दिवसागणिक पुढे बारीक खूण करू लागले. पण नाव पुकारायचे ते शाईतलंच. मालतीचं नाव आलंच नाही.

शेजारी बसायची ती किलवणीची जमना. रोज तांबड्या रस्त्यानं चालत यायची, डोक्याला तेल, बोलणं अर्धं मराठी, अर्धं गुजराती. तिनं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "तुझा नाव नाय घेत सर. तू पावणी हाय काय?"

"दाखला यायचाय माझा."

"म्हंजे पावणीच." झालं. वर्गभर तिचं नाव पावणी पडलं. जमना डब्यातली नागलीची भाकर पुढे करायची आणि म्हणायची, "घे पावणी, पावण्याला आधी."

जुलैत उषाचं पत्र आलं. उषा म्हणजे कोंडसुऱ्याची बाकावरची मैत्रीण. तिनं लिहिलं होतं, 'गुरुजी स्वतः येऊन आमची हजेरी घेतात. तुझं नाव आलं की आम्ही पाळीपाळीनं हजर म्हणतो. काल मी आणि शेवंती दोघीही एकदम म्हणालो. गुरुजी चष्म्यावरून बघून म्हणाले, मालती आज दोन दिसतात.'

मालतीनं ते पत्र वहीत ठेवलं. त्यानंतर कित्येक दिवस सकाळी अकराचा टोल पडला की तिचं लक्ष फळ्यावर नसायचं. आता तिथे ओहोटी असेल, चिखलात बगळे उतरले असतील, नारायणमास्तर सुपारी कातरत असतील, आणि गुरुजी म्हणत असतील, मालती अनंत मयेकर. इथे पेन्सिलीची खूण, तिथे शाईतलं नाव. तिला त्यात वाईट काहीच वाटत नव्हतं. उलट आपण अजून तिथेच आहोत, असं वाटून बरं वाटायचं. पुढे आयुष्यात तिनं खूप घरं बदलली, पण तसं दोन ठिकाणी राहणं पुन्हा कधी जमलं नाही.

सप्टेंबर संपता संपता राऊतसरांनी अण्णांना शाळेत बोलावलं. थट्टा नव्हती.

"मयेकर, फायनलचे फॉर्म पंधरा तारखेला जातात. दाखला नाही तर फॉर्म नाही. आणि नुसता दाखला नको. शाळा सोडल्याची तारीख जूनची पाहिजे. तुमच्या गुरुजींनी ऑक्टोबरची घातली, तर जूनपासूनची माझी हजेरी पाण्यात. पोरगी दोन शाळांत एकदम बसली कशी, असं विचारतील. वर्ष जाईल तिचं."

अण्णा घरी आले ते तणतणत. "दोन पत्रं टाकली, उत्तर नाही! मी आता सरळ तालुक्याला लिहितो. शिक्का काय विलायतेला गेला?"

मालती चुलीपाशी शेंगा सोलत होती. तालुक्याला म्हटल्यावर ती शेंगा टाकून उठली. "अण्णा, नका लिहू. शिक्का कपाटातच आहे." आणि मग तिनं सगळं सांगितलं.

अण्णा खाटेवर बसले. मग म्हणाले, "म्हणजे तालुक्याला लिहिलं तर गुरुजी गोत्यात. नाही लिहिलं तर तू घरात. आणि नाव काढलं तर तिथली वीस पोरं."

"एकोणीस," मालती म्हणाली.

"शहाणीच आहेस!" आई कडाडली. "चार महिने पोटात ठेवलंस? आता तूच लिही गुरुजींना. तू वचन दिलंस, तूच मागे घे. बापानं लिहिलेलं ते भांडण होतं, पोरीनं लिहिलेलं पत्र होतं."

तीन कागद फाडल्यावर चौथा जमला. 'ती. गुरुजींना सा. न. दिपोटी साहेब अजून आले नसतील तर मला माफ करा. इथे फॉर्म भरायचा आहे. दाखल्यावर तारीख जूनची लागते. मला सातवी व्हायचं आहे.' शेवटचं वाक्य लिहिताना तिला वाटलं, उषालाही व्हायचंच आहे. पण तरी तिनं ते खोडलं नाही.

तेरा तारखेला पाकीट आलं. आत फक्त दाखला. गुरुजींचं वळणदार अक्षर. वर्तणूक: उत्तम. कारण: वडिलांची बदली. शाळा सोडल्याची तारीख: ९ जून.

राऊतसरांनी तो दोनदा वाचला. "मोठा माणूस," ते म्हणाले. "ही तारीख घालायची म्हणजे चार महिन्यांची हजेरी लाल शाईनं खोडायची. प्रत्येक खाडाखोडीपुढे सही. आणि वर साहेबापुढे उभं राहायचं ते वेगळंच." त्यांनी टाक शाईत बुडवला आणि यादीच्या तळाशी नाव घातलं. दुसऱ्या दिवशी ते पुकारलं तेव्हा जमनानं तिला कोपरानं ढोसलं, कारण मालती गप्पच बसली होती.

दिवाळीनंतर उषाचं पत्र आलं. दिपोटी साहेब आले, पट मोजला, गुरुजींना पाऊण तास उभं केलं. नारायणमास्तरांची बदली झाली, वरचे वर्ग बंद झाले. मुलगे खाडीपलीकडच्या शाळेत होडीनं जातात. 'आम्हा चार मुलींना घरचे होडीत पाठवत नाहीत. गुरुजी म्हणाले, बाहेरून परीक्षेला बसा, मी शाळा सुटल्यावर माझ्या ओट्यावर शिकवतो. पण त्यांना सातवीचं बीजगणित येत नाही, ते नारायणमास्तरांना येत होतं. तुझ्यावर मी आठ दिवस रागावले होते. आता नाही. तुझं बीजगणित कुठवर आलंय?'

मालतीनं पत्र आईला दाखवलं नाही, अण्णांनाही नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती जमनाला म्हणाली, "आज थांबशील? मला वही उतरवून काढायचीय. सगळी. पहिल्या पानापासनं."

"कोणासाठी?"

"चार मुलींसाठी."

जमनानं हिशेब केला. "मंग चार वह्या?"

"एकच. त्या एका ओट्यावर बसतात."

शाळेच्या मागच्या पडवीत दोघी मांडी घालून बसल्या. जमना मोठ्यानं वाचू लागली, क्ष अधिक य, तिच्या त्या गुजराती हेलात, आणि मालती लिहू लागली. मध्येच राऊतसर सायकल काढायला आले, उभे राहून नव्या वहीवरचा कोंडसुऱ्याचा पत्ता वाचला, आणि काही न विचारता म्हणाले, "तिसरं उदाहरण फळ्यावर माझंच चुकलं होतं. ते आधी नीट करा, मग पाठवा."