कुमुदिनीबाईंचं रडणारं चाक

पाण्याचा टँकर आला तरी दिल्लीच्या द्वारकेतल्या या नव्या सोसायटीच्या फाटकाशी एवढी गर्दी होत नसे. आज सगळे एका चाकाकडे बघत होते. चाक रडत होतं.

डावं, मागचं. त्यातून निघालेला काळपट तेलाचा ओघळ टायरवरून उतरत होता आणि बायका खाली वाट्या धरून बसल्या होत्या. गुडघ्यांना लावायला.

चाक भालचंद्र देवस्थळींच्या मोटारघराचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी मिनीबस घेतली आणि फरीदाबादला तिच्यात दोन पलंग, शेगडी, मोरी बसवून घेतली. बायकोला हिमालय दाखवायचा होता. पलंगांचं पॉलिश वाळायच्या आत कुमुदिनीबाई गेल्या. पाठोपाठ चाक गळू लागलं. मेकॅनिकनं तेल अडवणारं झिजलेलं सील काढून नवं घातलं. मग चक्रानंद महाराज येऊन विधी करून गेले आणि चाक पुन्हा गळलं. पुन्हा सील, पुन्हा महाराज, पुन्हा अश्रू. हा क्रम कुणालाच खटकला नाही.

खटकला तो उल्काला, त्यांच्या मुलीला. ती मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होती. उद्या पहाटे बाबा याच गाडीनं बद्रीनाथला निघणार होते, त्यांचे मित्र अंबादासकाकांना घेऊन.

अंबादासकाका कुबडीवर रेलून घंटा वाजवत होते. गेल्या महिन्यात तळघराच्या उतारावर गाडीमागे उभं राहून ते "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होते. गाडी आली. थांबली नाही. घोट्यापासून पाय कापावा लागला.

"वहिनींनी मला निवडलं," ते ज्याला त्याला सांगत. लोक उरलेल्या पायाला हात लावत.

"माताजी की आत्मा एक्सल में अटकी है!" महाराज गरजले. "पहले नाभिबंधन, फिर सेक्टर की परिक्रमा, फिर अश्रुप्रसाद! बद्रीनाथ तक नाभि खुलनी नहीं चाहिए!"

"गाडीला नाभी कुठं असते?" उल्कानं विचारलं.

"श्रद्धा हो तो दिखती है, बेटी."

उल्का वाकली. श्रद्धा नसूनही दिसली. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या एक्सलवर एक छोटी टोपी होती आणि ती शेंदूर-मेणाच्या गोळ्यानं लिंपलेली होती.

ती उठली, चावी घेतली आणि गाडी फाटकाबाहेर काढून डावीकडे वळवली.

"अगं, उलटी प्रदक्षिणा!" मागून ओरडा झाला.

सेक्टरला उलटे फेरे मारून ती परतली तेव्हा उजवं चाक रडत होतं. एका बाईनं हळूच विचारलं, "आता कुठल्या गुडघ्याला लावायचं?"

"दूसरी आँख भी खुल गई!" महाराजांनी वेळ दवडला नाही.

उल्का गाडीखाली शिरली आणि स्क्रूड्रायव्हरनं गोळा खरवडला. फुस्स करून हवा सुटली. गर्दीतल्या दोघांनी आत्मा निघाला म्हणून हात जोडले.

"बाबा, एक्सलमध्ये तेल असतं. गाडी चालली की आतली हवा तापते, फुगते, या टोपीतून बाहेर पडते. टोपी लिंपली की हवा तेलाला ढकलते आणि तेल सीलच्या कडेनं बाहेर येतं. प्रदक्षिणेत गाडी सारखी उजवीकडे वळते, म्हणून तेल डावीकडे लोटलं जातं. मी उलटी फिरवली."

तिनं चाकं पुसली आणि तितकेच फेरे पुन्हा मारले, आधी सुलटे, मग उलटे. दोन्ही चाकं कोरडी. वाट्या रिकाम्या.

"महाराज, डोळे मिटून नेमकी हीच टोपी सापडली कशी?"

"ध्यान में."

"की कुठल्या बस डेपोत? मेकॅनिक होतात ना?"

महाराज झोळी उचलून गर्दीतून निघाले, तेव्हाही चार जण पाया पडले.

उल्कानं जॅक लावून डावं चाक आणि ब्रेकचा ड्रम उतरवला. आतलं ब्रेक लायनर तेलानं थबथबलं होतं. "गाडी याच्यावर थांबते. हे भिजलं की नाही थांबत."

घंटा थांबली.

"म्हणजे माझा पाय..." अंबादासकाका म्हणाले.

"तेल, काका."

"वहिनी नव्हत्या?"

"नाही."

काकांनी आपल्या दुमडलेल्या पायजम्याकडे बघितलं. "नुसतं तेल?"

भालचंद्ररावांनी कोरड्या चाकावर हात ठेवला. "गळत होतं तोवर वाटायचं, आहे इथंच."

"आई गेली, बाबा. ती असती तर काकांचा पाय घेतला असता का तिनं?" उल्कानं हातातला पाना खाली टाकला. "सील दोनदा बदललं. का गळतंय, हे एकदा तरी विचारायचं ना! विचारल्यानं देव कोपत नाही. न विचारल्यानं पाय जातो. उद्या घाटात दोघेही गेला असतात. रडायचं तर आपण रडू या, चाकाला कशाला रडायला लावायचं?"

भालचंद्ररावांनी चावी तिच्या हातात दिली. मग ते मोटारघराच्या पायरीवर बसले आणि रडले. दोन्ही डोळ्यांनी.

खाली वाटी कुणी धरली नाही.