कोळशाचं तीर्थ

"रांगेत या, रांगेत! तीर्थ सगळ्यांना मिळणार!" गुंडू शिंपी ओरडत होता आणि म्हैसूरच्या मेटगळ्ळी भागातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत होती. यंत्राच्या नळीतून निघणाऱ्या ज्योतीवर देवेशने गार ताट धरलं की ताटावर पाण्याचे थेंब जमत. लोक ते बोटाने टिपून डोळ्यांना लावत. कोळशाचं पाणी झालं म्हणे!

"धूर आहे? राख आहे?" देवेश गरजला. "कोळसा आत, हायड्रोजन बाहेर! आणि कार्बनचा वायू? तो हा चुना गिळतो. साक्षात नीलकंठ!" विज्ञान कमी पडलं की हा गृहस्थ शंकराला पुढे करी.

देवेश नोकरीसाठी पुण्याहून म्हैसूरला आलेला इंजिनियर. अंबूताईंच्या घरी जेवायचा, विठ्ठल मंदिरात त्यांच्या शेजारी बसून टाळ वाजवायचा. त्यांना मूलबाळ नाही. त्यांनी याला लेक मानलं. शेड अंबूताईंचीच. तिथे बायका शाळांचे गणवेश शिवत. आता देवेशच्या हायड्रोजनच्या कारखान्यासाठी शिलाई मशीनं अंगणात ताडपत्रीखाली गेली होती आणि उद्यापासून बायका घरी बसणार होत्या. मी शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"झाकण उघडून दाखव," मी म्हटलं.

"आभाताई, काल आयुधपूजेला अंबूताईंनी झाकणाला दोरा बांधलाय. पूजेचा दोरा तोडायचा? तोही दसऱ्याच्या दिवशी?"

गर्दी शहारली. "अय्यो, सुम्ने, गप बस गं आभा!" अंबूताई कळवळल्या. "पोरगा चांगलं करायला बघतोय. तुझी मास्तरकी इथं बेडा, नको!"

मी यंत्राला हात लावला नाही. वापरलेला चुना लोक अंगारा म्हणून पुड्यांतून नेत होते. अंबूताईंकडची पुडी मागून घेतली. पूजेच्या ताटातलं लिंबू कापलं. उंबऱ्यापाशी संगमरवराच्या भुकटीची रांगोळी होती, तिच्यावर अर्धं पिळलं. रांगोळी फसफसली.

"चुन्याने कार्बनचा वायू पोटात घेतला की त्याचंही हेच होतं," मी म्हटलं. "मग तोही असाच फसफसायला हवा."

उरलेलं अर्धं अंगाऱ्यावर पिळलं. एक बुडबुडा नाही.

"तुमचा नीलकंठ उपाशी आहे. त्याने वायू गिळला नाही, कारण कोळशातून तो निघालाच नाही. मग ही ज्योत कशावर जळतेय?"

"लिंबं पिळून विज्ञान ठरतं का?" देवेश हसला, पण हसता हसता झाकणाला पाठ लावून उभा राहिला. अंबूताईंनी ते पाहिलं. त्या अंगणातून कात्री घेऊन आल्या, त्याला हाताने बाजूला केलं आणि दोरा कापला.

आतला कोळसा गार होता, कोरडा होता. त्याच्या टोपलीखाली हायड्रोजनचा लाल सिलिंडर आडवा निजवलेला, त्याची नळी थेट ज्योतीकडे गेलेली. हायड्रोजन जळला की पाणी होतंच. तीर्थ ते एवढंच.

"खरं यंत्र होणार आहे, ताई," देवेश पुटपुटला. "लोकांना आधी काहीतरी दाखवावं लागतं."

"अजून जमलं नाही, असं मला सांगितलं असतंस," अंबूताई म्हणाल्या, "तरी मी शेड दिली असती रे."

मला तर त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

कोळशापासून हायड्रोजन करता येतो, हे खरं आहे. पण त्यातून निघणारा कार्बनचा वायू हवेत विरून पुण्य होत नाही. तो पकडून कुठेतरी ठेवावा लागतो. म्हणून कोणी असं यंत्र दाखवलं तर हात जोडण्याआधी विचारा, आत काय गेलं, बाहेर काय आलं आणि उरलेलं कुठे आहे. दाखवणारा घरचा असला तर सगळ्यात आधी विचारा. परक्याला अंबूताईंनी झाकण उघडायला लावलंच असतं.