गुरुजींचा घोडा

मी बिस्किटांचा एक जुना, पत्र्याचा डबा आहे. बिस्किटं केव्हाच फस्त झाली. मित्रांनो, त्यानंतर माझ्या पोटात शब्द राहायला आले.

परक्या भाषेची भीती मनात घर करण्याआधीच मोडावी, म्हणून गुरुजी पहिलीच्या मुलांना आधी एस्पेरांतो शिकवत. सगळ्यांना सोपी जावी म्हणून मुद्दाम घडवलेली ही भाषा. पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर त्यांनी स्वतःच चित्रं काढली आणि माझ्यात ठेवली. रोज एका मुलानं एक पत्ता घरी न्यायचा, घरच्यांना त्याचा शब्द शिकवायचा आणि सकाळी तो वर्गापुढे धरायचा, असा आमचा शिरस्ता होता.

एका वर्षी दूरच्या मुलुखातली एक मुलगी वर्गात आली. तिला इथली भाषा येत नव्हती. दोन महिने तिनं चकार शब्द काढला नाही. शनिवारपर्यंत बोलली नाही, तर तिला बालवर्गात बसवायचं, असं मोठ्या बाईंनी ठरवलं. त्यात ही आणखी एक भाषा कशाला, असंही त्यांनी विचारलं.

"बाई, या भाषेत सगळेच नवखे आहेत," गुरुजी म्हणाले. "इथं तिच्या पुढे कोणीच नाही."

शुक्रवारी त्यांनी तिच्या हाती एक पत्ता दिला आणि त्याचा शब्द हळूच सांगितला. शनिवारी मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मुलीनं पत्ता वर धरला.

वर्ग एका सुरात म्हणाला, "हुंदो." म्हणजे कुत्रा.

तिनं नकारार्थी मान हलवली.

"अगं, कुत्राच आहे तो. शेपूट बघ की," पहिल्या बाकावरचा, मोठ्या आवाजामुळे सगळे ज्याला भोंगा म्हणत तो मुलगा म्हणाला.

तिचे डोळे भरून आले. मग पत्ता छातीशी धरून ती बाकांमधून टापा टाकत दौडत सुटली. "चेवालो," ती म्हणाली, "चेवालो." म्हणजे घोडा.

मग तिच्यामागून भोंगा दौडू लागला, आणि पाठोपाठ सगळा वर्ग.

गुरुजींनी स्वतःचा कान धरला. "चूक माझ्या चित्राची."

"राहू दे हिला इथंच," मोठ्या बाई हसू दाबत म्हणाल्या. "घोडा तेवढा सुधारा."

गुरुजींनी तो कधीच सुधारला नाही. ते निवृत्त झाले आणि मी कपाटावर गंजत पडलो. गेल्या आठवड्यात नव्या बाईंनी मला खाली उतरवलं, झाकण पुसलं आणि तुमच्या वर्गात आणलं.

मित्रांनो, मला कोरडं ठेवा, पण कुलपात ठेवू नका. पत्ते घरी न्या, आठवणीनं परत आणा. आणि वर्गात कोणी गप्प बसलेलं दिसलं, तर पहिला पत्ता त्याला द्या. घोड्याचा असला तर फारच छान.